आधी शॉटची यादी, मग सॉफ्टवेअर

१४ मिनिटांचा मराठी लघुपट. शूटिंग संपलं तेव्हा हातात साडेचार तासांचं फुटेज होतं. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्याचं, म्हणजे ४के, सेकंदाला २५ फ्रेम, १०-बिट ४:२:२ (रंगाची माहिती जास्त ठेवणारं), एच.२६५ (फाइल दाबण्याची एक पद्धत), लॉगमध्ये (नंतर रंग ठरवता यावेत म्हणून मुद्दाम फिकं), बाकी थोडं फोनवरचं. एडिट कशात करायचं आणि व्हीएफएक्स, म्हणजे शूटिंगनंतर चित्रात करायचे बदल, कशात, हे ठरायला पंधरा दिवस गेले. पहिले चार दिवस सॉफ्टवेअरच्या वैशिष्ट्यांचे तक्ते वाचण्यात गेले आणि त्यातून काहीच ठरलं नाही, कारण प्रत्येक तक्त्यात प्रत्येक सॉफ्टवेअर सगळंच करतं. पाचव्या दिवशी कच्चा कट समोर ठेवून शॉटची यादी केली. तिथून निवड आपोआप सुटत गेली, म्हणून सुरुवात यादीपासूनच करतो.

व्हीएफएक्स लागणारे ३१ शॉट निघाले. १४ शॉटमध्ये फोनच्या स्क्रीनवर मजकूर बसवायचा होता. ६ शॉटमध्ये दुकानाच्या पाट्या बदलायच्या होत्या. ४ शॉटमधल्या विजेच्या तारा काढायच्या होत्या. ५ शॉट खिडकीबाहेर हिरवा पडदा लावून घेतलेले. उरलेल्या २ शॉटमध्ये कॅमेरा चालत पुढे जातो आणि वाड्याची पडलेली भिंत उभी दिसायला हवी.

प्रत्येक शॉटपुढे चार गोष्टी लिहिल्या: किती फ्रेम, कॅमेरा स्थिर की हलता, फोकस बदलतो का, आणि बदलायच्या वस्तूच्या पुढून काय जातं. चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. शॉट किती अवघड आहे हे इफेक्टच्या नावावरून कळत नाही, पुढून काय जातं त्यावरून कळतं. पाटी बदलणं तासाभराचं काम आहे. त्याच पाटीपुढून मोकळ्या केसांची बाई चालत गेली तर दोन दिवसांचं. यादीत ‘पुढून केस’ असं ७ ठिकाणी आणि ‘पुढून बोट’ असं ११ ठिकाणी आलं. व्हीएफएक्सचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं हे खरं तर या १८ नोंदींनी ठरवलं.

एडिटिंगचं सॉफ्टवेअर तासन्‌तास फुटेज चाळायला बनवलेलं असतं. शेकडो क्लिप, आवाजाचे ट्रॅक, पटकन कापणं, पटकन सरकवणं, आणि प्ले दाबलं की न अडखळता चालणं ही त्याची कामं. कॉम्पोझिटिंगचं, म्हणजे वेगवेगळी चित्रं जोडून एक शॉट करण्याचं, सॉफ्टवेअर पाच सेकंदांच्या एका शॉटमध्ये आठवडाभर राहता यावं म्हणून बनवलेलं असतं. प्रीमियर प्रो, फायनल कट, एडियस, अ‍ॅव्हिड ही पहिल्या कुळातली. आफ्टर इफेक्ट्स, न्यूक, फ्यूजन ही दुसऱ्या. डाविंची रिझॉल्व्हने २०१८ साली १५व्या आवृत्तीत फ्यूजन पोटात घेतलं, त्यामुळे तिथे दोन्ही एका छपराखाली येतात. म्हणून दोन्ही कामं सारखीच सोपी होतात असं मात्र नाही. ते पुढे येईलच.

पहिली चाळणी अगदी साधी होती: कॅमेऱ्याची फाइल उघडते का, आणि चालते का.

१०-बिट ४:२:२ एच.२६५ ही फाइल आकाराने लहान आणि उलगडायला जड असते. उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपमधल्या खास सर्किटने केलं नाही तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि टाइमलाइन (क्लिप ओळीने मांडलेली पट्टी) गचके खाते. एन्‌व्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीच्या कार्डांमध्ये ४:२:२ उलगडण्याची सोय नाही, कार्ड कितीही महागाचं असलं तरी. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ती आहे. म्हणूनच नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला इंटेल प्रोसेसर एडिटिंगच्या मशीनला घेऊ नये. त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं, थोडे पैसे वाचतात आणि ही सोय जाते. मॅकमध्ये एम मालिकेच्या चिप या फाइली सहज चालवतात.

दुसरी अट सॉफ्टवेअरच्या आवृत्तीची. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती विंडोजवर १०-बिट ४:२:२ एच.२६५ उघडत नाही. क्लिप आत येते, आवाज वाजतो आणि चित्राच्या जागी ‘मीडिया ऑफलाइन’ दिसतं. पुष्कळ जण फाइल खराब झाली समजून कार्ड पुन्हा कॉपी करत बसतात. फाइलला काहीच झालेलं नसतं. लिनक्सवरची फुकट आवृत्ती तर साधी एच.२६४ सुद्धा उघडत नाही. उपाय दोनच: स्टुडिओ आवृत्ती घ्या, नाहीतर सगळं फुटेज दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्या. साडेचार तासांचं ४के फुटेज चांगल्या दर्जात बदललं की ते टेराबाइटच्या पुढे जातं, त्यामुळे तो पर्याय आम्ही सोडला. एडिटसाठी १०८० च्या प्रॉक्सी, म्हणजे मूळ फाइलींच्या हलक्या प्रती, डीएनएक्सएचआर एलबी या फॉरमॅटमध्ये केल्या. त्या ताशी १६ जीबीच्या आसपास बसतात, म्हणजे एकूण ७०-७५ जीबी. मूळ फाइल एका डिस्कवर, प्रॉक्सी वेगळ्या एसएसडीवर.

फोनच्या फुटेजची अडचण वेगळी. फोन बहुतेक वेळा बदलता फ्रेमरेट वापरतो. उजेड कमी झाला की सेकंदाला ३० च्या जागी २७-२८ फ्रेम घेतो. टाइमलाइनवर सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, आणि तीन मिनिटांनी आवाज पुढे निघून गेलेला असतो. ‘मीडियाइन्फो’ या छोट्या फुकट प्रोग्रॅममध्ये फाइल टाकली की फ्रेमरेटच्या ओळीत ‘व्हेरिएबल’ लिहिलेलं दिसतं. अशी फाइल एडिटमध्ये घेण्याआधीच हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून ‘कॉन्स्टंट’ करून घ्यावी. शूटिंगच्या आधी हातात वेळ असेल तर आणखी बरं: फ्रेमरेट आणि शटर हाताने ठरवू देणारं कॅमेरा अ‍ॅप घालून फोनही २५ वर आणि शटर १/५० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे या जोडीवर ट्यूबलाइटचा लुकलुकाटही येत नाही. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टचा फ्रेमरेट मीडिया आत येण्याआधी ठरवावा लागतो, नंतर तो बदलता येत नाही. पहिली क्लिप टाकली की प्रोग्रॅम विचारतो, तेव्हा न वाचता बटण दाबू नका.

दुसरी चाळणी देवनागरीची. इंग्रजी तुलनेत हिचा उल्लेखही नसतो, आणि मराठी फिल्मला ती टाळता येत नाही. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या टायटल टूलमध्ये आम्ही हे शब्द टाकून पाहिले: दुसऱ्या, वाऱ्यावर, सूर्य, अर्घ्य, कृष्णा, हृदय, श्रद्धा, ज्ञान, ट्रॅक्टर, ऑफिस, दिल्लीत. ‘दुसऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र आणि ‘सूर्य’मधला रफार वेगळे दिसायला हवेत. ‘दिल्लीत’मध्ये पहिली वेलांटी द च्या आधी यायला हवी, मागे नाही. ‘हृदय’मध्ये ऋकार ह च्या पोटात बसायला हवा. ल आणि श मराठी वळणाचे हवेत. पुष्कळ फॉन्टांमध्ये ते मुळात हिंदी वळणाचे असतात आणि सॉफ्टवेअरला मजकुराची भाषा कळल्याशिवाय मराठी वळण येत नाही. अकरा शब्दांची ही ओळ कोणत्याही टूलची पाच मिनिटांत परीक्षा घेते.

प्रीमियर आणि आफ्टर इफेक्ट्सच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हे टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं, तोवर जोडाक्षरं फुटलेली दिसतात. निवडल्यावर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा आणि शीर्षक नव्याने टाइप करा. रिझॉल्व्हच्या टेक्स्ट प्लस या टायटल टूलमध्ये जुन्या आवृत्त्यांत मात्रा सुटायच्या. तुमच्या आवृत्तीत काय होतं ते वरची ओळ टाकून पाहा. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये शीर्षकं करण्याची सवय अजून अनेक स्टुडिओंत आहे. दिसायला ती ठीक दिसतात, पण तो मजकूर नंतर शोधता येत नाही, सबटायटलला उचलता येत नाही आणि दुसऱ्या मशीनवर फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची रास उरते. नवीन काम तरी युनिकोडमध्येच करावं.

आणखी दोन खड्डे. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. रोमन लिपीच्या पोस्टरवर शोभणारी ती पसरट अक्षररचना देवनागरीला चालत नाही. मोकळेपणा हवा असेल तर शब्दांमधलं अंतर वाढवा. आणि अक्षरागणिक हलणारे तयार अ‍ॅनिमेशन लावले की व्यंजन एकीकडे आणि त्याची वेलांटी दुसरीकडे जाऊ शकते. असं अ‍ॅनिमेशन शब्दागणिक किंवा ओळीगणिक ठेवावं. आम्ही शेवटी शीर्षकं आणि नामावली इंकस्केपमध्ये केली. तिथे देवनागरी नीट जुळते, प्रोग्रॅम फुकट आहे. पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी ३८४०×२१६० मध्ये काढून टाइमलाइनवर ठेवली. त्यामुळे टायटल टूल हा निवडीचा निकष उरलाच नाही. सबटायटलची एसआरटी फाइल मात्र यूटीएफ-८ मध्येच साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

आता यादीकडे परत. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच काय उरकता येईल? कॅमेरा स्थिर असलेल्या ३ पाट्या आणि ज्या शॉटमध्ये बोट मध्ये येत नाही असे ५ फोन. चार कोपरे पकडायचे, चित्र त्यात ताणायचं, थोडं धूसर करायचं. हे प्रीमियरमध्येही होतं, फायनल कटमध्येही होतं. म्हणजे ३१ पैकी ८. तुमच्या यादीतले बहुतेक शॉट असे असतील तर व्हीएफएक्सचं वेगळं सॉफ्टवेअर शिकण्यात वेळ घालवू नका. लग्नाच्या व्हिडिओंचं काम करणारे आपल्याकडचे अनेक जण वर्षानुवर्षं एडियसवर आहेत, आणि त्यांच्या कामाला ते पुरेसं आहे: तीन-चार कॅमेऱ्यांचं फुटेज, लांब टाइमलाइन, जड नसलेलं मशीन. तयार टेम्प्लेट वापरून आमंत्रणं आणि रील करायच्या असतील तर आफ्टर इफेक्ट्स घ्यावं, कारण टेम्प्लेटचा बाजार त्याच्यासाठीच आहे. हे निर्णय कमी दर्जाचे नाहीत.

उरलेल्या २३ शॉटसाठी चाचणी घेतली. खिडकीचा एक शॉट निवडला, १३० फ्रेमचा, खिडकीशी उभी मुलगी, केस वाऱ्याने हलतात. तोच शॉट आफ्टर इफेक्ट्समध्ये आणि फ्यूजनमध्ये केला. आफ्टर इफेक्ट्समध्ये चित्रं एकावर एक थरांनी रचतात, फ्यूजन आणि न्यूकमध्ये नोड, म्हणजे एकेका क्रियेचे चौकोन, जोडत जातात. हा फरक वाचून कळत नाही, काम वाढलं की कळतो.

हिरवा पडदा काढायला एकच की (हिरवा रंग ओळखून तेवढा भाग पारदर्शक करणं) कधीच पुरत नाही. आत एक घट्ट की लागते, जी चेहरा आणि अंग भरीव ठेवते. कडेला एक सैल की, जी केसांचे तंतू वाचवते. दोन्ही एकत्र करायच्या. खोलीतला नको तो भाग हाताने काढलेल्या मास्कने (झाकणाऱ्या आकाराने) बाहेर टाकायचा. मग गालावर आणि केसांवर पडलेली हिरवी छाया काढायची. साधा नियम असा की हिरवा रंग हा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा वर जाऊ द्यायचा नाही. मग बाहेरच्या उजेडाची किंचित कड मुलीच्या अंगावर आणायची आणि शेवटी बाहेरच्या चित्रावर कॅमेऱ्याएवढाच ग्रेन (चित्रातले बारीक हलते दाणे) घालायचा. ही सहा-सात कामं झाली. थरांच्या पद्धतीत यातली प्रत्येक दुभंगलेली वाट वेगळ्या प्रीकॉम्पमध्ये, म्हणजे थरांच्या वेगळ्या गठ्ठ्यात, जाते. तीन दिवसांनी दुसऱ्याने फाइल उघडली तर कोणता मास्क कुठे आहे हे शोधायला प्रीकॉम्पच्या आत प्रीकॉम्प उघडावे लागतात. नोडमध्ये तीच सगळी रचना एका नजरेत दिसते, आणि एकदा काढलेला मास्क तीन ठिकाणी जोडता येतो. तो सुधारला की तिन्ही ठिकाणी सुधारतो. ‘पुढून केस’ आणि ‘पुढून बोट’ असलेल्या १८ शॉटना हाच गुण हवा होता.

उलट, आफ्टर इफेक्ट्समध्ये पहिल्या दिवशी निकाल लवकर मिळाला. कीलाइट हे की करायचं साधन त्यात आधीच असतं, रोटो ब्रशने केसांपर्यंतचा ढोबळ मास्क काही मिनिटांत येतो, हालचालीचा माग काढणारं मोचा सोबत मिळतं. हलती अक्षरं, आलेख, नकाशे करायचे असतील तर आजही आम्ही तेच सुचवू. नोडची पद्धत अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे जातात, आणि तेवढे दिवस नसतील तर थरांची पद्धतच बरी.

फुटेजच कच्चं असेल तर दोन्हीकडे हाल सारखेच. ४:२:० मध्ये रंगाची माहिती आडवी आणि उभी निम्मी असते. १९२०×१०८० च्या चित्रात रंग फक्त ९६०×५४० चा, आणि की रंगावर चालते. म्हणून फोनवर घेतलेल्या हिरव्या पडद्याच्या शॉटमध्ये केसांच्या कडा जिन्यासारख्या दिसतात. त्यावर कोणतंही सॉफ्टवेअर उपाय नाही. असा शॉट ४के मध्ये घ्यावा, कीसुद्धा ४के मध्येच करावी आणि शेवटी १०८० ला आणावा. कडा बऱ्याच सुधारतात.

तारा काढण्याच्या शॉटमध्ये एक चूक फार सर्रास होते. कॅमेरा स्थिर असेल तर एका फ्रेमवर आकाश रंगवून तेच चित्र पूर्ण शॉटभर ठेवतात. तार जाते, पण तेवढ्या पट्ट्यातला ग्रेन थिजलेला राहतो आणि मोठ्या पडद्यावर नेमका तो पट्टा डोळ्यात येतो. रंगवण्याआधी ग्रेन काढा, रंगवा, आणि शेवटी त्या तुकड्यावर हलता ग्रेन परत घाला. फोनच्या स्क्रीनबद्दलही शूटिंगलाच काळजी घ्यायला हवी होती. स्क्रीनवर झगझगीत हिरवा लावला की तो बोटांवर पडतो आणि काढता काढता नाकी नऊ येतात. स्क्रीन बंद ठेवावी; काचेवरचं प्रतिबिंब तसंच मिळतं, ते नव्या मजकुरावर परत घालता येतं, आणि ट्रॅक करायला, म्हणजे फोनच्या हालचालीचा माग घ्यायला, फोनची कड पुरते. आमच्या १४ पैकी ९ शॉट हिरव्यातले निघाले आणि सगळ्यात जास्त तास त्यांनीच खाल्ले.

वाड्याच्या दोन शॉटना त्रिमितीत कॅमेऱ्याची वाट काढावी लागली. ती आम्ही ब्लेंडर या त्रिमितीच्या प्रोग्रॅममध्ये काढली. ट्रॅकिंग २०११ पासून त्यात आहे, आणि भिंतीचं मॉडेलही तिथेच होणार होतं. ब्लेंडरला दोन मुख्य फ्रेमांमध्ये सामाईक असे किमान ८ बिंदू लागतात; प्रत्यक्षात २५-३० घ्यावेत, काही जवळच्या दगडांवर, काही लांबच्या जोत्यावर. सगळे बिंदू एकाच अंतरावर असले की खोलीचा हिशेबच लागत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर जागच्या जागी वळत असेल तर खोली मुळातच मिळत नाही, तिथे ‘ट्रायपॉड’चा पर्याय निवडावा. हिशेबातली चूक १ पिक्सेलच्या आत आली की काम चालतं, ०.५ च्या आत आली की भिंत जमिनीला चिकटून राहते.

आमचा पहिला हिशेब ४ पिक्सेलच्या खाली येत नव्हता. कारण लेन्सची फोकल लेंग्थ बरोबर लिहिली होती, पण सेन्सरची रुंदी ३६ मिमी धरली होती. कॅमेरा त्या मोडमध्ये सेन्सरचा मधलाच भाग वापरत होता. खरी रुंदी घातल्यावर आकडा ०.६ वर आला. दुसरा शत्रू म्हणजे कॅमेऱ्यातलं इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण. ते प्रत्येक फ्रेम वेगळी कापतं, ताणतं, आणि लेन्सचा हिशेब मोडतो. ट्रॅकच्या शॉटना ते बंद ठेवा; स्थिर करायचं असेल तर व्हीएफएक्स झाल्यावर करा. आणि ब्लेंडरमधून चित्र बाहेर काढताना व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग दाखवण्याची पद्धत) ‘स्टँडर्ड’वर आहे ना ते बघा. नव्या आवृत्त्यांत तो आपोआप ‘एजीएक्स’वर असतो, पीएनजी किंवा व्हिडिओ काढला तर मूळ फुटेजचे रंग फिके होऊन येतात.

मशीनचा हिशेब आधी मांडला तर पैसे योग्य जागी जातात. ४के ची एक फ्रेम म्हणजे ३८४०×२१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. चार चॅनेल, प्रत्येकी ३२-बिट म्हणजे ४ बाइट: एका फ्रेमला १३३ एमबी. ८-बिटमध्ये तीच ३३ एमबी. आफ्टर इफेक्ट्सला प्रीव्ह्यूसाठी १० जीबी रॅम मोकळी मिळाली तर ८-बिटमध्ये साधारण ३०० फ्रेम, म्हणजे १२ सेकंद दिसतात. ३२-बिटमध्ये ७५ फ्रेम, म्हणजे ३ सेकंद. ‘परवा चालत होतं, आज अडखळतंय’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा प्रोजेक्टची बिट-डेप्थ बदललेली असते. फ्यूजनमध्ये दहा नोड साखळीत असले की अशा अनेक फ्रेम एकाच वेळी ग्राफिक्स कार्डच्या मेमरीत उभ्या राहतात आणि ८ जीबीच्या कार्डावर ‘जीपीयू मेमरी फुल’ येतं. तेव्हा काम १०८० वर करून शेवटचं रेंडर ४के ला करणं हाच व्यवहार्य मार्ग. खर्च करायचाच तर १६ जीबीवरून ३२ जीबी रॅमवर आधी करा, नव्या कार्डावर नंतर.

सगळ्यात जास्त काम बिघडतं ते एडिट आणि व्हीएफएक्स यांच्यामधल्या पुलावर. प्रीमियरमधून आफ्टर इफेक्ट्सला डायनॅमिक लिंकने जोडलं की सुरुवातीला फार सोयीचं वाटतं. दोन्हींच्या आवृत्त्या जुळत्या हव्यात, फाइल हलवली की दुवा तुटतो, आणि असे दहा शॉट टाइमलाइनवर आले की प्रत्येक प्लेला पार्श्वभूमीत आफ्टर इफेक्ट्स रेंडर करत बसतं. शॉट मंजूर झाला की तो रेंडर करून टाइमलाइनवर पक्का ठेवावा. रिझॉल्व्हच्या आतल्या फ्यूजन पानाला अशी देवाणघेवाण लागत नाही, हे त्याचं खरं बळ. मात्र तिथला क्रम लक्षात हवा: क्लिप आधी फ्यूजनमधून जाते, मग कलर पानात, जिथे रंग ठरवतात (ग्रेड करतात). ग्रेड केलेले रंग फ्यूजनमध्ये दिसत नाहीत. आणि क्लिपची ‘फ्यूजन क्लिप’ बनवली की ती टाइमलाइनच्या आकाराला बांधली जाते. १०८० च्या टाइमलाइनवर असं केलं की ४के ची बारकाई तिथेच संपली.

एडिटबाहेर, वेगळ्या सॉफ्टवेअरकडे पाठवायचे शॉट आम्ही सातच ठेवले: ५ खिडक्या, २ वाडे. पाठवण्याचे नियम थोडे आहेत, पण एकही सैल सोडता येत नाही. पिक्चर लॉक (एडिट पक्कं) झाल्याशिवाय पाठवायचं नाही. दोन्ही टोकांना १२-१२ फ्रेम जास्तीच्या द्यायच्या. फ्रेमचे आकडे १००१ पासून सुरू करायचे, म्हणजे पुढच्या जास्तीच्या फ्रेम लागल्या तरी उणे आकडे येत नाहीत. शॉटची नावं ०१०, ०२०, ०३० अशी दहाच्या टप्प्याने, मध्ये नवा शॉट घुसला तर ०१५. एडिटमध्ये वेग बदललेला किंवा झूम केलेला असेल तर तो काढून मूळ शॉट पाठवायचा आणि तो बदल कागदावर लिहून द्यायचा.

फॉरमॅट १६-बिट ईएक्सआर, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल. ४के ची एक फ्रेम न दाबता जवळपास ५० एमबी. १२५ फ्रेमचा शॉट अधिक २४ जास्तीच्या म्हणजे १४९ फ्रेम, सुमारे ७.४ जीबी. सात शॉटचे ५२ जीबी. झिप कॉम्प्रेशनने दर्जा न जाता यात थोडी घट होते. लॉगमधलं फुटेज लॉगमध्येच द्यायचं की लिनियरमध्ये (उजेडाच्या खऱ्या प्रमाणात), हे फोल्डरच्या नावातच लिहा. चुकीचं धरलं गेलं की चित्र धुरकट तरी येतं नाहीतर जळून तरी. न्यूक आपण होऊन लिनियरमध्ये काम करतं. आफ्टर इफेक्ट्सला प्रोजेक्ट सेटिंगमध्ये सांगावं लागतं. आणि परत आलेल्या शॉटमध्ये आकृतीभोवती काळी रेघ दिसली तर मास्क कुरतडायला घेऊ नका. अल्फा (पारदर्शकतेची माहिती) रंगांत आधीच गुणलेला आहे की नाही, याबद्दल दोन्ही सॉफ्टवेअरचा गैरसमज झालेला असतो. आत घेतानाचा ‘प्रीमल्टिप्लाइड’चा पर्याय बदलला की रेघ जाते.

न्यूक आम्ही पाहिलं आणि सोडलं. मुंबईच्या मोठ्या व्हीएफएक्स स्टुडिओंत कॉम्पोझिटिंगचं रोजचं काम त्याच्यावरच चालतं, तिथे नोकरी करायची असेल त्याने तेच शिकावं. त्याची विना-व्यावसायिक आवृत्ती फुकट आहे, पण १९२०×१०८० पर्यंतच चित्र देते, पैसे घेऊन केलेल्या कामाला चालत नाही, आणि तिच्या फाइली व्यावसायिक आवृत्तीत उघडत नाहीत. शिकायला एवढं पुरतं. ४के च्या सात शॉटसाठी मोठा परवाना घेण्यात अर्थ नव्हता.

मग ठरलं ते असं. एडिट, ग्रेड आणि आवाज रिझॉल्व्ह स्टुडिओत. एकदाच २९५ डॉलर, परवाना दोन मशीनवर चालतो, आणि त्याच परवान्यात वेगळं फ्यूजन स्टुडिओही मिळतं. फोन, पाट्या आणि तारांचे २४ शॉट टाइमलाइनवरच फ्यूजन पानात. खिडक्यांचे ५ वेगळ्या फ्यूजन स्टुडिओत, म्हणजे एकाचं एडिट चालू असताना दुसऱ्याला शॉट करता येतात. वाड्याचे २ ब्लेंडरमध्ये. शीर्षकं इंकस्केपमध्ये. अडोबीचं महिन्याचं भाडं या फिल्मपुरतं लागलं नाही.

काम सुरू केल्यावर एकच गोष्ट मध्येच बदलायचा मोह झाला: रिझॉल्व्हची नवी आवृत्ती आली. नव्या आवृत्तीत उघडलेला प्रोजेक्ट जुन्यात परत उघडत नाही. प्रोजेक्ट डिस्कवर वेगळा काढून ठेवला, दुसरं मशीन होतं त्याच आवृत्तीवर ठेवलं, आणि शेवटचा शॉट टाइमलाइनवर बसेपर्यंत दोन्हीकडे जुनीच आवृत्ती चालवली.